सासूबाईच्या पायाले तेल

तुमी हासान, पण दोन महिने मी एका बाईवर लय जळली. माह्या सासूबाईचं खुब्याचं हाड मोडलं, तवापासून शबाना नावाची बाई रोज सकाळी त्यायच्या पायाले तेल लावाले येते. पाय वाकवला का सासूबाई घर डोक्यावर घेतात, पण शबानासोबत बोलता बोलता त्यायले पत्ताच लागत नाही. दोघी नुसत्या खिदळतात. अन् मी चहा घेऊन गेली का गप!

एक दिवस शबाना मोर्शीले लग्नाले गेली. म्हटलं, आज आपला नंबर. तेल कोमट केलं, पाय मांडीवर घेतला.

"आई, दुखते का?"

"हो."

"हळू करू का?"

"कर."

शेवटी मी म्हटलंच, "शबानासोबत तं लय बोलता!"

"तुह्यासारखं ते इचारत नाही मले. तिची सासू तिले किती तरास देते, ते सांगते."

असा राग आला मले! काय एकट्या शबानालेच सासू हाये? मी बी सुरू केलं. "माही सासू तं शेजारणीले बोलावून माही भाजी चाखाले देते. म्हणते, पाह्य बरं, मीठ तरी हाये का!"

बोलता बोलता पाय पुरा वाकला. सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, "मंग? अजून काय करते ते बुढी?"

दुसऱ्या दिवशी शबाना आली, तं सासूबाई तिले दारातच म्हणाल्या, "तू बस, चहा पे. इची सासू तुह्या सासूपेक्षा खराब हाये."