बावीस वर्षांना तीन अक्षरं

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. माझ्या नववीतल्या मैत्रिणींनी पैज लावलीय – हे कीर्तनात विचारायची तुझी छाती नाही म्हणून. विचारते. उद्या तुम्ही गेलात, तर तुमच्यासाठी किती अक्षरं लिहावीत? तीन पुरतील? हसू नका. ऐका.

एका गावच्या शाळेत कोंडामावशी खिचडी रांधायच्या. बावीस वर्षं! कुणाला तिखट सोसत नाही, कोण घरून उपाशी आलंय, सगळं तोंडपाठ. त्या गेल्या. गावची रीत अशी, की दहाव्याला नदीकाठी शाळेचं शोकपत्र वाचायचं आणि घरच्यांच्या हाती द्यायचं. लिहायचं काम आलं सुलक्षणाकडे. शाळेच्या मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री, मोबाइलवर बोटं अशी पळतात की बघत राहावं!

काय लिहिलं तिनं? ‘भापूश्र मावशी. आरआयपी. मिस यू.’ भावपूर्ण श्रद्धांजली – सगळं लिहायला वेळ कुणाला? वडील शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांनी न वाचताच सही ठोकली, वर शिक्का. "झकास," म्हणाले. न वाचता झकास!

दहाव्याला तिनं वाचलं. समोर मावशींचे मालक, सोपानकाका. दृष्टी गेलेली, मान पुढं करून बसलेले.

"मंतर झाला नव्हं? आता पत्र वाच, पोरी."

"काका... तेच पत्र होतं."

काकांनी कागद मागून घेतला. त्यावरून हात फिरवला.

"केवढा मोठा कागद आणलास गं. सगळा मोकळाच ऱ्हायला का?"

सुलक्षणाला वाटलं, नदीनं गिळावं.

आता तुम्ही. हो, खांबाला टेकलेले काका, तुम्हीच! ग्रुपवर कुणी गेल्याचं आलं, की नाव तरी वाचता? वरच्याचं उचलायचं, खाली चिकटवायचं, आणि पुढच्या मिनिटाला त्याच अंगठ्यानं कुणाला तरी केक पाठवायचा. रडायलासुद्धा तयार माल लागतो तुम्हाला? मेलेल्या माणसासाठी एक आख्खं वाक्य जड झालं?

सुलक्षणाच्या घरी आई म्हणाली, "जाऊ दे गं, सगळे असंच लिहितात."

वडील म्हणाले, "चार दिवसांत कुणाच्या लक्षातही राहणार नाही."

"सोपानकाकांच्या राहील." सुलक्षणा उठून उभी राहिली. "आई, बाबा, ऐका. उद्यापासून मी घरोघर जाणार. मावशींच्या हातचं जेवलेल्या प्रत्येकाला विचारणार, आणि तेराव्याला काकांच्या दारात नवं पत्र वाचणार. आधीचं मी दोन मिनिटांत लिहिलं आणि तुम्ही वाचलंच नाही, हे सगळ्यांत आधी सांगणार. बाबा, या वेळी सही नको. तुम्ही समोर बसायचं आणि शेवटपर्यंत ऐकायचं."