आतली मूठ

एकोणीसशे साठचा मार्च. लास वेगासच्या फ्रीमाँट स्ट्रीटला जाणाऱ्या बसमध्ये माझ्यापुढं मायलेकी बसल्या होत्या.

“आई, कालपासून आपल्या काळ्या लोकांनाही कॅसिनोत पुढच्या दारानं जाता येतं.”

“ते कागदावर. दारावरच्या गोऱ्यानं वाचलाय का तो कागद?”

“अडवलं तर परत फिरू.”

“तू फिरशील, व्हर्लीनबाई. माझी झाडलोटीची नोकरी जाईल.”

बस थांबली, आम्ही उतरलो. दिवसाढवळ्याही कॅसिनोचे दिवे लुकलुकत होते. आईची पावलं सवयीनं मागच्या गल्लीकडं वळली.

“आई, दार इकडं आहे.”

“मला सांगतेस?” आई वळून पुढच्या दारासमोर येऊन थांबली. “त्याची आतली पितळी मूठ बारा वर्षं मीच घासतेय.”

“मग थांबलीस का?”

“बाहेरची कधी धरली नाही गं. ढकलायची की ओढायची?”