निळ्या टेपचे सत्तावीस तुकडे

पोलीस दूरक्षेत्र, खडकवाडी, ता. पाथरी, जि. परभणी
दि. १४ एप्रिल १९७९, सायंकाळी ६ वा. ४० मि.

मी, सूर्यभान मुंजाजी वाव्हळे, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी (गणकयंत्र चालक), राहणार खडकवाडी, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

कालवा वसाहतीत खात्याने प्रयोग म्हणून एक गणकयंत्र बसवले आहे. त्यावर मी दोन वर्षांपासून काम करतो. कालव्याचे पाणी कोणत्या शेताला कोणत्या दिवशी द्यायचे, ती पाळीची यादी हे यंत्र काढते. पूर्वी यादी हाताने लिहीत. त्या यादीत कोणाचे नाव वर जाई व कोणाचे खाली, ते गावाला माहीत आहे. यंत्राला गट नंबर, पीक व मागच्या पाळीत पाणी मिळाले की नाही, एवढेच कळते. आडनाव कळत नाही. मी ही नोकरी धरली ती याच कारणाने.

यंत्राला चालवणारी आज्ञावली असते, तिला आम्ही सिस्टीम म्हणतो. ती छिद्रे पाडलेल्या कागदी टेपवरून यंत्रात चढवतात. सिस्टीमचा एक भाग सर्वांत आत बसून बाकीच्या कामांना पाळीने यंत्र वापरू देतो, त्याला गाभा म्हणतात. चारीवर जसा पाणी वाटून देणारा पाटकरी, तसा यंत्रात गाभा. पाटकरी आडवा झाला की सगळ्यांचे पाणी बंद.

दि. १० रोजी हैदराबादच्या कंपनीकडून आलेली सुधारलेली सिस्टीम मी वसाहतीच्या इंजिनिअर साहेबांसमक्ष चढवली. तिची टेप पिवळी होती. सोबतच्या पत्रकात लिहिले होते की, जुनी टेप कापून निकामी करावी. जुनी टेप निळ्या कागदाची होती. चार दिवसांवर बाबासाहेबांची जयंती होती व मंडपाला पताका कमी पडत होत्या. मी दि. ११ रोजी ती टेप जयंती मंडळाच्या सरजाबाई आश्रुबा खिल्लारे, वय अंदाजे ५५, यांना दिली. त्यांनी ती कात्रीने कापली व विहारापासून हातपंपापर्यंत लावली. कापण्याचा आदेश पाळला गेला असे मला तेव्हा वाटले.

त्याच सायंकाळी मी मंडपात चाळीस मिनिटे बोललो. त्यातील या प्रकरणाशी संबंधित वाक्ये अशी: "ही साधी पताका नाही. हिच्या छिद्राछिद्रात माणसाची बुद्धी आहे. कोणी कितीही मोठा आला तरी ही खाली उतरू देऊ नका." यावर टाळ्या झाल्या.

दि. १२ रोजी सकाळी यादी छापायला घेतली असता यंत्राच्या तोंडावरचे सगळे दिवे एकदम लागले व तसेच राहिले. यादी छापणारे टंकयंत्र सात हा एकच आकडा मारत सुटले. मी बटण बंद करेपर्यंत त्याने पंधरा फूट कागद सातने भरला. साहेबांनी पाहून यंत्र गरम झाले असे सांगितले आणि रजेवर गेले.

मी यंत्र गरम आहे असे मानले नाही, तरीही खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे लावले. पुन्हा सात आले. विजेचा दाब मोजला, तो ठीक होता. टेप वाचणारे डोके स्पिरिटने पुसले, पिवळी टेप पुन्हा चढवली. सात. चौकीदार सटवाजी यांनी लिंबू-मिरची आणली. मी त्यांना अंधश्रद्धेविषयी पाऊण तास समजावले. त्यांनी ऐकून घेतले व मिरच्या जेवणात खाल्ल्या. नंतर मी यंत्राला जोडलेली एक एक वस्तू सोडवून पाहिली. टंकयंत्र सोडवले की यंत्र तासन्‌तास चालते, जोडले की कोसळते. नव्या गाभ्याला टंकयंत्राची पाळी सांभाळता येत नव्हती. म्हणजे यादी यंत्राच्या पोटात तयार होती, बाहेर येण्याचा मार्ग बंद होता. हाताने लिहिलेली यादी चालणार नाही, असा दोन वर्षांपूर्वी मीच भांडून खात्याकडून नियम करून घेतला आहे.

आज दि. १४ रोजी सकाळी साडेनऊला हैदराबादचा ट्रंक कॉल लागला. तिकडचे इंजिनिअर म्हणाले, "नवी टेप नक्को मियाँ, उसमें लफडा है. पुरानी चढाव." मी पत्रकाचा उल्लेख केला. ते म्हणाले, "पत्रक का क्या है, कोई भी लिख देता." एवढ्यात लाइन गेली.

यादी आज दुपारी चारपर्यंत फळ्यावर लागली नाही तर मागचीच यादी कायम होते. मागच्या यादीत चारीच्या तोंडाशी असलेले भगवानराव देशमुख पहिले व शेपटाकडचे गट शेवटी. त्या पाळीत शेपटापर्यंत पाणी पोचले नाही. सरजाबाईंचा दोन एकर उन्हाळी भुईमूग शेपटाला आहे. तो फुलावर असून आणखी एक पाळी चुकली तर वाळणार, हे मी काल स्वतः शेतात जाऊन पाहिले होते.

सकाळी साडेदहाला मी मंडपात शिडी लावून हातपंपाकडचे चार तुकडे काढून खिशात घातले. तेवढ्यात सरजाबाई आल्या.

"सूर्यभान, उतर खाली. परवा हितं कोन बोललं व्हतं?"

"मी."

"काय बोललं व्हतं?"

मी ती वाक्ये सांगितली.

"मंग? कोन येवडा मोठा आलाय, तू व्हय?"

लोक जमले. आज दुपारी बाराला येथे प्रमुख वक्ता मीच होतो, हे मी त्यांना सांगितले. त्याने परिस्थिती बिघडली. "वक्ताच चोर हाय," असे कोणीतरी म्हणाले. मी या टेपशिवाय यंत्र चालणार नाही असे सांगितले. सरजाबाई म्हणाल्या, "म्हंजी हिच्यात यंत्राचा जीव हाय म्हन की." मी म्हणालो, जीव नाही, आज्ञावली आहे. त्या म्हणाल्या, "जीव म्हन, सोडते." मी म्हणालो नाही. विज्ञानात जीव कशाला म्हणतात ते मी शिडीवरून सांगू लागलो. यात वीस मिनिटे गेली, हे मी कबूल करतो.

शाळेच्या शिक्षिका मनकर्णा साळवे पुढे आल्या व म्हणाल्या, "दादा, भाषण नको. काम सांगा."

मी म्हणालो, "ही टेप चढली नाही तर मावशीचा भुईमूग वाळतो."

सरजाबाई म्हणाल्या, "आरं मंग इतका येळ काय जीव जीव करायलास?" आणि शिडी धरली.

तोपर्यंत कोणीतरी हेड कॉन्स्टेबल रंगनाथ जमादार यांना बोलावून आणले होते. जयंतीच्या दिवशी पताका उतरवणे हा शांततेचा प्रश्न आहे, पंचनाम्याशिवाय एकाही तुकड्याला हात लावता येणार नाही, असे ते म्हणाले. मी त्यांना चारची मुदत सांगितली. ते म्हणाले, "मुदत तुमची, पंचनामा माझा." त्यांनी विहाराकडून सुरुवात करून प्रत्येक तुकड्यावर नंबर घातला, लांबी मोजली, बारीक छिद्रांची रांग वर की खाली तेही लिहिले. याला एक तास दहा मिनिटे लागली. त्या काळात मी जमादारांना जे बोललो ते मागे घेतो. कारण नंतर यंत्रापाशी गेल्यावर माझ्या ध्यानात आले की, सगळे तुकडे सारखेच दिसतात. मी ते घाईने पोत्यात भरून आणले असते तर सिस्टीमचे डोके शेपटाला लागले असते. सरजाबाईंनी तुकडे कापत गेल्या तसे ओळीने लावले होते व जमादारांनी ती ओळ नंबरासह कागदावर उतरवली होती.

टेप हा मुद्देमाल झाल्यामुळे तो मला देता येईना. शेवटी मुद्देमालच पोलीस पहाऱ्यात यंत्रात चालवावा, असे जमादारांनी ठरवले. दुपारी दोनला जमादार, एक शिपाई, दोन पंच, सरजाबाई, मनकर्णाबाई व निम्मी मिरवणूक यंत्राच्या खोलीत आली. चपला बाहेर काढायला मी सांगितले. धुळीच्या कारणाने सांगितले, देव्हारा म्हणून नव्हे. सटवाजी माझ्याकडे बघून हसले.

तेवीस तुकडे नंबराप्रमाणे चिकटपट्टीने जोडले. माझ्या खिशातल्या चारांना नंबर नव्हता. ते चोवीस प्रकारे लावता येतात. मी प्रत्येक प्रकार चढवून पाहू लागलो. पाच प्रकार झाले, पाचही वेळा दिवे लागले व पुढे सात आले. साडेतीन वाजले होते. सरजाबाई म्हणाल्या, "दे इकडं. माझी कातरी बोथट हाय, सरळ कापतच न्हाई." त्यांनी चारही तुकडे फरशीवर ठेवून कापलेल्या कडा एकमेकींशी लावून पाहिल्या, चोळीचे कापड जुळवतात तशा. दोन मिनिटांत ओळ लागली. ही रीत कंपनीच्या कोणत्याही पुस्तकात नाही.

तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी यादी छापून बाहेर आली. त्यात सात फक्त जिथे हवे तिथे होते. तीन छप्पन्नला ती फळ्यावर लागली. पहिला गट सरजाबाईंचा.

भगवानराव देशमुख फळ्यापाशी आले, त्यांनी यादी वरून वाचायला घेतली व बराच वेळ वाचत राहिले. मग मला म्हणाले, "यंत्र दुरुस्त करायला तुला कोनी सांगितलं व्हतं?" मी उत्तर दिले. ते उत्तर येथे लिहू नये अशी जमादारांची सूचना आहे. साडेचारला देशमुखांनी शासकीय टेप पळवल्याची तक्रार माझ्यावर दिली, त्यावरून हा जबाब आहे. टेप मी दिली, हे खरे आहे. देताना कोणाची परवानगी घेतली नाही, हेही खरे आहे. त्याबद्दल खाते जी शिक्षा देईल ती घेईन. मला चोर म्हणणाऱ्या लोकांविरुद्ध माझी तक्रार नाही.

येणेप्रमाणे माझा जबाब जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले त्याप्रमाणे तो लिहिला गेला आहे, कमीजास्त काही नाही. साक्षीदार सरजाबाई यांना जबाबासाठी सहाला बोलावले होते. त्या आल्या नाहीत. सहाला चारीचे दार उघडले असून त्या पाणी धरायला गेल्या आहेत. त्यांचा निरोप असा की, जबाब पाहिजे असल्यास जमादारांनी शेतात यावे. बांध ओला आहे, बूट काढून यावे.

(सही) सू. मुं. वाव्हळे

समक्ष
(सही) रंगनाथ जमादार, हेड कॉन्स्टेबल