सदूची डोली

शिमग्याची सोंगं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील, पण आमच्या पोलादपूरकडची सदूची डोली नाही पाहिलीत. सदूचे पाय लहानपणीच तापात गेलेले. भावानं मुंबईहून चाकांची खुर्ची पाठवली, तिला आम्ही कळकाच्या कामट्या आणि लुगडं बांधून डोली केली. आत नवरी म्हणून मिशी उतरवलेला सदू.

शेजारच्या गावात त्याला कुणी ओळखत नव्हतं. एका म्हातारीनं नवरीची ओटी भरली नि म्हणाली, "आता उतर गो, पाया पड."

सदूनं पदर सावरला. "आज्ये, मी पायावर उभा राहिलो तर आय देवीला कोंबडा देनार हाय. नवस बोललीय."

म्हातारीनं लुगड्याखालचे पाय बघितले.

"मग बस गो तशीच. जगू दे कोंबड्याला."