प्रज्ञाच्या डब्यात नसलेला शब्द

मंडळी, मागचेही बसून घ्या. तुम्ही हिंगण्याहून आलात, खाप्याहून आलात, मिहानच्या कंपन्यांमधून रजा टाकून आलात. प्रज्ञाविषयी मला बोलायला सांगितलंय. मी वर्कशॉपमधला माणूस. मशीन सुरू असताना ओरडून बोलायची सवय. आज इथे इतकं शांत आहे की आवाज निघत नाही.

मी विलास. प्रज्ञा आणि मी मिळून वर्कशॉप चालवलं. ती वस्तू डोक्यात घडवायची, मी ती लोखंडात नि प्लास्टिकात उतरवायचो. संत्रं देठाशी कापून वरच्या वर झेलणारी काठी तिची. कुकरची शिट्टी झाली की लाल दिवा पेटवणारं यंत्र तिचं, ऐकू न येणाऱ्या बायांसाठी केलेलं. नवी वस्तू झाली की ती आधी आईच्या, म्हणजे या काकूंच्या, हातात द्यायची आणि काही म्हणता काही सांगायची नाही. काकूंनी विचारलं, हे कुठून धरू वं, की संपलं. चूक वस्तूची आहे, मोडून टाक, असं मला सांगायची. किती वस्तू मोडायला लावल्या मला या मुलीनं!

काकू, तुम्ही समोरच बसल्या आहात. तुमच्याकडे पाहून मला बोलता येणार नाही. मी भिंतीकडे पाहून बोलतो.

एक दिवस तिच्या हातातून स्क्रूड्रायव्हर पडला. उचलला, पुन्हा पडला. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, अंगातले स्नायू एकेक करून बंद पडत जातील, याला औषध नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत चांगलं राहील. हे ते दिलासा म्हणून बोलले. तो दिलासा होता का, मंडळी?

ती वर्कशॉपमध्ये आली आणि म्हणाली, आता गिऱ्हाईक मीच. आम्ही जाड मुठीचा चमचा बनवला. तो तयार होईपर्यंत तिचा हात तोंडापर्यंत जाईना. दाराची किल्ली सहज फिरावी म्हणून एक मूठ बनवली. तोवर ती दारापर्यंत चालेना. आम्ही नेहमी मागे, आजार नेहमी पुढे. मग ती म्हणाली, "विलास, जे आज आहे त्याच्यासाठी बनवून नको राहू गा. जे उद्या जाणार आहे त्याच्यासाठी बनव."

हे काय असतं, समजतं का तुम्हाला? आपलं उद्या काय जाणार, हे आपणच बसून ठरवायचं. त्याचं चित्र काढायचं. त्याचं माप द्यायचं.

आम्ही आवाजाचा डबा बनवला. तिचाच आवाज त्यात भरायचा. एकेका वाक्यावर दिवा सरकत जाईल, हवं ते वाक्य आलं की तिनं गालाजवळचं बटण दाबायचं. रोज मी कॉम्प्रेसर बंद करायचो आणि ती बोलायची. मले पाणी पाहिजे. कूस बदलून दे. पाठीले खाज येऊन राहिली. आई, तू जेवली का? हो. जीभ जड झाली होती, पण वाक्य नीट निघेपर्यंत ती सोडायची नाही.

आवाज बराच टिकेल असं वाटलं होतं. नाही टिकला. हां हां म्हणता गेला. डबा लावून पाहिला तेव्हा आमच्या लक्षात आलं, "नाही" भरायचं राहून गेलं. तिला मागता येत होतं, नाकारता येत नव्हतं. मी म्हणालो, काकूंच्या आवाजात भरू. तिनं डोळे मिटले. डोळे मिटले म्हणजे नाही, हे घरात चालून गेलं.

मग दवाखाना. श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले, गळ्यात नळी टाकावी लागेल, यापुढे श्वास मशीनचा. टाकायची का? तिनं डोळे मिटले. डॉक्टर म्हणाले, थकल्या असतील. भला माणूस तो. एवढ्या मोठ्या गोष्टीला त्याला खात्री हवी होती. मी डबा लावला. दिवा सरकत "हो"वर आला. आम्ही सगळे तिच्या गालाकडे पाहत होतो. तिनं दाबलं नाही. दिवा पुढे गेला. काकू जास्त भरवतात म्हणून जेवणासाठी एक वाक्य भरलं होतं. त्याच्यावर आला आणि तिनं दाबलं.

"बस आई, पोट भरलं माझं."

नर्सला वाटलं, बटण चुकलं. दिवा सगळी वाक्यं फिरून परत आला. पुन्हा तेच वाक्य. काकूंनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

"बरं बाई. नाही भरवत."

डॉक्टरांनी मान डोलावली, नळी राहू द्या असं नर्सला सांगितलं आणि ते बाहेर गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. शांतपणे गेली असं मी म्हणणार नाही. मी तिथं होतो. श्वासासाठी झगडत गेली. पण तिच्या मनासारखी गेली, एवढं मी सांगू शकतो.

खाप्याचे गुरुजी इथे बसले आहेत. त्यांनाही हाच आजार आहे. त्यांचा डबा आम्ही सुरू केलाय. त्यांनी पहिला शब्द "नाही" भरला, चांगला खणखणीत.

आज सकाळी काहींनी सुचवलं, सभेत प्रज्ञाचा आवाज ऐकवा, सगळ्यांना बरं वाटेल. मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नको गा. तो आवाज तिनं मागायसाठी भरला होता. आता काय मागून राहिली ती आपल्याले?"

डबा मी आणला नाही.

चला, उभे राहू या. ज्यांना जमत नाही त्यांनी बसूनच राहा. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

प्रज्ञा, जयभीम.