राबाचा पातेरा

सोनुबाई : मी कशेळ्याला लेकीच्या बाळंतपणाला गेली, तवा टोमॅटोची एवढीशी रोपं हुती. सासू हाय म्हणून खोटं कशाला बोलू? तुझ्या हायब्रीडपेक्षा माझा गावठीच भारी निघाला. दरसाली लाल व्हायच्या आधी तडकतो. औंदा एक फळ फुटलं नाय. काय केलंस गं?

जागृती : हायब्रीडची साल जाड असते, आई. गावठीची पातळ. माती सुकली आणि मग एकदम पाणी दिलं की फळ फुटतं. म्हणून गावठीच्या बुडाशी जाड पाला पसरला. ओल टिकते.

सोनुबाई : मोहोपाड्याच्या कॉलनीत वाढलेली पोर, नि माझ्या बियाण्याला जपलंस. बघू दे ओल. (पाला उचलते) ह्यो काठ कसला?

जागृती : कुठला?

सोनुबाई : माझ्या हिरव्या पातळाचा. वाळल्या पानांचे, पातेऱ्याचे भारे बांधायला फाडलेला. जागृती, ही ऐनाची पानं कुठनं आणलीस?

जागृती : गोठ्यामागून. मला वाटलं, झाडून टाकलेला कचरा आहे.

सोनुबाई : कचरा? भात पेरायच्या आधी वाफ्यावर पाला जाळून राब भाजायचा असतो, त्याचा पातेरा तो. डोंगरातनं डोक्यावर आणला मी.

जागृती : तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

सोनुबाई : तवा नव्हतं. नि पातेरा चोरलास म्हणून मी नळावर वाडीतल्या द्वारकेला बोलली तवा? शेजारीच हुतीस, हंडा लावून.

जागृती : तेव्हा कळलं.

सोनुबाई : नि गप ऱ्हायलीस.

जागृती : तुम्ही सगळ्यांसमोर त्यांना चोर म्हणालात. तेव्हा बोलले असते, तर नवी सून चोर निघाली, असं झालं असतं. मग रोज वाटायचं, आज सांगू. जितके दिवस गेले तितकी जास्त लाज वाटायला लागली.

सोनुबाई : तिच्या अंगणात ऐनाची चार पानं दिसली, तेवढ्यावर बोलली मी. ती एका शब्दानं बोलली नाय. अर्धा हंडा उचलून गेली. नि मी सांगत फिरली, चोराच्या मनात चांदणं म्हणून गप बसली. आता ऐकते, ती नळ सोडून गुडघे धरून लांब विहिरीवर जाते.

जागृती : मी जाते द्वारकाकाकींकडे. पाला मी घेतला, मीच सांगते. टोपलीभर टोमॅटो पण नेते.

सोनुबाई : टोपली ठेव खाली. ज्या पाल्यापायी ती चोर ठरली, त्याचीच फळं तिला देतेस? नि पाला तू घेतलास, पण चोर मी म्हणाली.

जागृती : मग दोघी जाऊ. अंधार पडल्यावर, कुणी बघायच्या आत.

सोनुबाई : सगळ्यांदेखत बोलली, सगळ्यांदेखतच मागं घ्यायला पायजे. आत्ता बाया नळावर असतील. तिच्याकडनं तिचा हंडा मागून घेते, नळावर भरते, नि तितंच सांगते.

जागृती : आणि त्यांनी हंडा दिलाच नाही तर?

सोनुबाई : तर उभी ऱ्हाईन तिच्या दारात. तू बी ऱ्हा माझ्यासंगं.