अहो म्हटलं की ते वळत नव्हते

माझं माहेर असोद्याचं आणि सासर सावद्याचं, म्हणजे केळीतून निघाले ती केळीतच आले, आणि आता म्हातारपणी मुक्काम म्हणाल तर अमेरिकेत, न्यू जर्सीला, लेकीकडे. तुम्ही लिहून घेताय म्हणून मी जरा नीट बोलते, नाहीतर आमचं आपलं मले-तुले चालतं. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं ऐकून ऐकून. आमच्या यांना सगळं गाव नाना म्हणतं, तुमच्याशी बोलताना मीही नानाच म्हणते, नाव पुढं येईलच.

नानांची स्वतःची बाग होती थोडी, पण त्यांची खरी ओळख कापणीची. कोणाची केळी कधी कापायची ते नानांना विचारून ठरायचं. घडाखाली उभे राहायचे, एका केळावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, आठ दिवस थांब. की लोक थांबायचे. आणि त्याच माणसानं कमलच्या भावाची बाग पंधरा दिवस आधी कापायला लावली. कमल म्हणजे माझी मैत्रीण, पण त्याआधी ती नानांच्या गल्लीतली, त्यांच्याहून वर्षानं मोठी, म्हणून त्यांना एकेरी बोलते. त्या बागेतली केळी अजून कोनदार होती, कडा तशाच दिसत होत्या, गोल भरलीच नव्हती, कापणाऱ्यांना दिसत होतं, ट्रक भरणाऱ्यांना दिसत होतं, पण नाना म्हणाले ना, मग कोण बोलणार. मी घरोघर सांगत फिरले, वय झालं, वय झालं. कमलच म्हणाली, वय काय त्यालेच झालं का वं, मी वर्षानं मोठी, मले नाही ते झालं? आधी डॉक्टरले दाखव त्याले.

जळगावला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हे विसरणं वाढत जाणार, थांबणार नाही. तरी सावद्यात मला काही जड गेलं नाही, खरं सांगते. नाना फैजपूरच्या रस्त्याला लागले की कोणीतरी मोटरसायकलवर मागं बसवून आणायचं, घ्या काकू, नाना आले, आणि चहा घेऊन जायचं. सगळं गावच त्यांना राखत होतं, मला ते कळलं नाही, मला वाटायचं मीच सांभाळते.

मग माझ्या कमरेचं ऑपरेशन झालं. सहा महिने वाकायचं नाही. लेक एकच, मनीषा, ती म्हणाली आई आता तुम्ही दोघं इकडेच या, कायमचे, कागद मी करते. कमलला सांगितलं तर ती उठून उभीच राहिली. म्हणाली, काहून नेतीस वं त्याले, इथं त्याले कुत्रं बी ओळखतं, तिथं कोन त्याले घरी आनून सोडीन? मला इतका राग आला, काय सांगू तुम्हाला, आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. म्हटलं हिला काय जातंय बोलायला, कमर माझी मोडलीय. निघायच्या आदल्या दिवशी तीच आली, एका हातात बिबड्यांचा, म्हणजे आमच्या ज्वारीच्या पापडांचा डबा, दुसऱ्या हातात घुंगरांची माळ, पोळ्याला त्यांच्या बैलाच्या गळ्यात घालायची ती. म्हणाली, बैल तर इकला, हे घरच्या दाराले बांध, दार उघडलं की वाजीन. एवढंच. भांडण मिटलं की नाही ते आम्ही दोघींनी कधी विचारलं नाही.

तिकडचे पहिले सहा महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. नाना खिडकीत उभे राहायचे आणि विचारायचे, हे कोणाचं घर, आपण पाहुणे कधी जाणार. मनीषा आणि जावई दिवसभर कामावर. एकदा नाना बाहेर गेले ते तीन तासांनी पोलिसांनी आणून सोडले, नाना त्यांना कापणीची तारीख सांगत होते म्हणे. त्या दिवशी मनीषा रडली आणि म्हणाली, आई, परत असं झालं तर बाबांना ठेवावं लागेल, अशी घरं असतात इथं, दारं बंद असतात, माणसं चांगली असतात. मी म्हटलं, दारं बंद म्हणजे कोंडवाडाच ना गं. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच, नानांचा हात सुटता कामा नये.

सुनंदा भेटली ती वांग्यांपाशी. तिकडे आपल्या सामानाचं दुकान आहे, तिथं मी भरताचं वांगं दाबून बघत होते, तर मागून आवाज आला, हाई वांगं भरीतनं नही शे. परमुलखात अहिराणी. वळून पाहिलं तर माझ्याच वयाची बाई, धुळ्याची, वीस वर्षांपासून तिथं. मी तिचा हात धरला आणि दुकानात रडले, लोक बघत होते. तिनं विचारलं, काय व्हयनं? मी सगळं सांगितलं, पहिल्यांदा कोणाला तरी सगळं, लेकीपासून लपवलेलंसुद्धा. ती म्हणाली, घाबरू नको व बहीण, बठ्ठं व्हई जाई, सगळं होईल म्हणून.

सुनंदा म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रात स्वैपाकाला आहे. सकाळी गाडी येते, आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते. तिनं नानांचं नाव तिथं घातलं, फॉर्म भरले, हातात कडं घातलं त्यावर मनीषाचा फोन कोरलेला. पण नाना सकाळी उठायलाच तयार नसायचे. मी अहो, अहो करून थकायचे. तर हे काम कमलनं केलं, सावद्यात बसून. अमेरिकेत सकाळ म्हणजे इथं सावद्यात संध्याकाळ, ती रोज फोन करायची आणि मी फोन नानांच्या कानाला लावायचे. ऊठ रे भास्कर, कापनीवाले येऊन बसले. की नाना उठून अंघोळीला.

मला वाटायचं कमलच्या आवाजात जादू आहे. केंद्रातली नर्स म्हणाली, तसं नाही, अलीकडचं आधी जातं, लहानपणीचं शेवटी, तुम्ही त्यांना नावानं हाक मारा, अहो म्हणजे आपण हे त्यांना आता कळत नाही. आता काय सांगू. लग्नात आणि हळदीकुंकवाला उखाण्यात नाव घेतलं असेल, तेही भास्करराव, पण त्या नावानं हाक मारायची? सेहेचाळीस वर्षांत कधी नाही. सुनंदा मला पोळ्या लाटताना सराव करायला लावायची, म्हण भास्कर, आणि माझं तोंड लाल व्हायचं, ती हसायची, उखाणाबिगर नाव निंघत नही का व तुना तोंडमाईन? मी म्हणायचे, तू म्हण तुझ्या नवऱ्याचं. ती म्हणायची, मना नवरा हरपेल नही शे.

मग तो रविवार. मनीषा आणि जावई बाजारात, मी मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी फिरवत होते, दाराला बांधलेली घुंगरं वाजली असतील, मला ऐकू आली नाहीत. मिक्सर बंद केला तर दार उघडं. थंडी अशी की नाकातून पाणी, मी सपातांवरच धावले. नाना दिसले, लांब, मोठ्या रस्त्याकडे चाललेले, हात मागं बांधून, बागेच्या बांधावरून चालावं तसे. मी ओरडले, अहो. अहो, ऐकलं का. एक दुसराच माणूस वळला, कोणाचा तरी अहो, पण आमचे काही वळले नाहीत. कमर धरून आली. पुढं गाड्या जातायत, नानांचा एक पाय फुटपाथखाली. आणि मग माझ्या तोंडून निघालं, भास्कर. ए भास्कर, थांब. कसं निघालं माहीत नाही, माझी सासू अंगणातून हाक मारायची तसं निघालं.

ते थांबले. पाय वर घेतला. वळून माझ्याकडे बघितलं, आणि कित्येक महिन्यांत हसले नव्हते तसे हसले. म्हणाले, आलो, आई.

मी त्यांना घरी आणलं. संध्याकाळी सुनंदा आली, तिला सांगितलं तर ती आधी जिंकल्यासारखी म्हणाली, देख, वळना ना? मग पुढचं ऐकलं आणि माझ्या पायाला तेल लावायला बसली.

त्या दिवसापासून मी आई आहे. हाक मारली की येतात, खातात, बाहेर जात नाहीत, बंद दाराच्या घराचं नाव मनीषानं परत काढलं नाही. माझं मागणं तेवढंच होतं, ते मिळालं. कधी कधी वाटतं, नसती मारली हाक तर मी अजून काही दिवस बायको राहिले असते. पण मग ते राहिले नसते.

मागच्या महिन्यात कमलचा फोन चार दिवस आला नाही. मी लावला तर तिच्या सुनेनं उचलला, म्हणाली पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मी म्हटलं मला जायचं आहे. मनीषा म्हणाली, बाबांचं काय? सुनंदा मध्येच बोलली, जाय तू, नानासले मी देखस. तीन आठवडे ती आमच्या घरी राहायला आली, स्वतःचं घर सोडून. म्हणून मी इथं कमलच्या खाटेशी बसून तुम्हाला हे सांगते आहे.

परवा कमलच्या सुनेनं हळदीकुंकू केलं. बायका म्हणाल्या, काकू, अमेरिकेहून आल्या, नाव घ्या. मी उभी राहिले, नुसतं भास्कर म्हटलं आणि पुढचं यमक सुचेना. बायका वाट बघत राहिल्या. कमल आतून, खाटेवरून म्हणाली, झालं तिचं, कुंकू लावा तिले.

आज सकाळी सुनंदानं फोनवर नानांना दाखवलं. विचारत होते, आई, केव्हा येशील. म्हटलं, उद्या निघते रे, भास्कर. कमलनं ऐकलं. बिबड्यांचा डबा सुनेनं भरून ठेवला आहे, तिकडे तळले की ते कुरकुर आवाज करत खातात. माझ्या या दोघी मैत्रिणींना देव धडधाकट ठेवो, एकीला इथं आणि एकीला तिथं. मला आता कोणी काही म्हणो, बायको, आई. वाट बघणारं माणूस आहे, मला जायला हवं.